रिसॉर्टवर लग्न लागलं म्हणजे कायदेशीर झालं? नाही हो!

"परदेशात छोटंसं लग्न करायचंय ना, मग पॅकेज बुक करा नि विमानात बसा, पेपरवर्क रिसॉर्टवाले बघतात" हे इतकी वर्षं फिरतंय की लोकांना खरंच वाटायला लागलंय. बऱ्याच पॅकेजमध्ये सजावट, फोटोग्राफर आणि समारंभ लावणारा माणूस एवढंच असतं, कायद्याच्या दृष्टीने शून्य.

लास वेगासला ओळखपत्र दाखवा, लग्नाचं लायसन्स काढा, त्याच दिवशी लग्न. पण फ्रान्समध्ये दोघांपैकी एकाचं किंवा त्यांच्या आईवडिलांचं त्या गावात घर तरी हवं नाहीतर सलग महिनाभर मुक्काम तरी, आणि कायदेशीर लग्न लागतं ते नगरपालिकेत, शॅटोच्या (म्हणजे जुन्या गढीवजा वाड्याच्या) लॉनवर नाही, तिथली फुलं नंतर! शिवाय जन्मदाखला, अविवाहित असल्याचा दाखला, त्यांचं अधिकृत भाषांतर, बऱ्याचदा वर अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारतात तो, १९६१ च्या हेग करारातला शिक्का), आणि काही ठिकाणी ३ किंवा ६ महिन्यांपेक्षा जुना दाखला चालत नाही, म्हणजे हौसेने फार लवकर काढून ठेवलात तरी पंचाईत.

म्हणून बरेचजण घरीच रजिस्टर लग्न उरकतात, तिकडे फक्त सोहळा. मला तरी हेच बरं वाटतं. काही असो, व्हेन्यूला 'लीगल की सिम्बॉलिक' हे मेलवर लेखी विचारा, ॲडव्हान्स त्यानंतर.