गाळणीतला तो बुळबुळीत थर

दिवाळीच्या साफसफाईत मी अंगणातल्या तळ्याची गाळणीही घासून काढली होती. स्पंज नळाखाली पिळले, खडे ब्रशने चोळले. पाणी अगदी नितळ झालं. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले आणि आठवड्याभरात पाच गोल्डफिश गेले. पाणी इतकं स्वच्छ दिसत होतं की कारण कळायलाच वेळ लागला. मी धुऊन टाकलेला तो तपकिरी, बुळबुळीत थर म्हणजेच खरी गाळणी होती.

मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. उरलेलं खाद्य आणि कुजणारी पानं त्यात भर घालतात. तो पाण्यात विरघळलेला असतो, कुठल्याही जाळीत अडकत नाही. त्याची विल्हेवाट त्या बुळबुळीत थरातले जिवाणूच लावतात. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पिरासारखे पुढे नायट्रेट. नायट्राइटही घातकच, कारण त्यामुळे माशाचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. नायट्रेट मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं आणि झाडांचं तर ते खतच. हे काम जिवाणूंचं आहे, हे सर्गेई विनोग्राड्स्की यांनी 1890 च्या सुमारास दाखवलं. पुढे सव्वाशे वर्षं दोन टप्प्यांना दोन वेगळे जिवाणू लागतात असंच मानलं जाई. 2015 मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने उरकणारे नायट्रोस्पिरा सापडले, आणि त्यांतले काही चक्क मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या गाळणीत! मला हे फार आवडतं.

हे जिवाणू फार सावकाश वाढतात. आपल्या आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना कित्येक तास, कधी दिवसही लागतो. म्हणून नवी गाळणी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच सोडावेत, खाद्यही बेतानंच घालावं.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच असतं, ते आपले-परके ओळखत नाही. त्यामुळे स्पंज तळ्याच्याच पाण्यात खळबळावा, तोही एका वेळी अर्धाच. बाकीचा दोन-तीन आठवड्यांनी.

रात्री वीज वाचवायला पंप बंद करणारे बरेच भेटतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका. अमोनियातल्या 1 ग्रॅम नायट्रोजनसाठी या जिवाणूंना सुमारे 4.6 ग्रॅम प्राणवायू लागतो, आणि रात्री शेवाळ व पाणवनस्पतीही प्राणवायू वापरतात. उन्हाळ्यात तर आणखी जपावं लागतं: 20 अंशाला लिटरभर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला जेमतेम साडेसात. वीज कित्येक तास गेली असेल, तर गाळणीत साचलेलं पाणी आधी बाहेर ओतावं आणि मगच पंप लावावा.

सामू म्हणजे पीएचही बघावा. 25 अंशाला सामू 7 असेल तर एकूण अमोनियाचा एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. 9 असेल तर एक तृतीयांशाहून जास्त. शेवाळ माजलेल्या तळ्यात उन्हाच्या दुपारी सामू तिथवर चढू शकतो. पावसाळ्यात उलटं घडतं. जिवाणू पाण्यातले सामू टिकवून धरणारे क्षार सतत खर्च करतात, पावसाच्या पाण्यात ते जवळजवळ नसतातच, सामू घसरतो आणि जिवाणूंचं काम मंदावतं. हे क्षार भरून काढायला मी शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून गाळणीत ठेवतो.

आता स्पंज बादलीत दोनदा हलवून, तपकिरी रंग राखूनच परत ठेवतो. बादलीतलं गढूळ पाणी अळूला जातं.