फॅटी लिव्हर आणि जनुकं बदललेले उंदीर: पार्श्वभूमी

दारू जवळपास न पिणाऱ्या माणसाच्या यकृतातही दारूड्याच्या यकृतासारखी चरबी, सूज आणि चट्टे सापडू शकतात, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे युर्गन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली २० रुग्णांच्या नोंदींवरून मांडलं. तुरळक निरीक्षणं आधीही होती, पण दारूविना होणारं फॅटी लिव्हर हा स्वतंत्र आजार म्हणून डॉक्टर त्याकडे पाहू लागले ते यानंतर. प्रयोगशाळेत मात्र चरबीनं भरलेलं यकृत असलेला उंदीर तीस वर्षं आधीपासून पिंजऱ्यात बसलेला होता. फक्त त्याच्या यकृताकडे कुणी फारसं बघत नव्हतं, सगळ्यांचं लक्ष त्याच्या वजनाकडे होतं.

हा उंदीर १९४९ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत आपोआप झालेल्या उत्परिवर्तनातून जन्मला. त्याची भूक भागायचीच नाही आणि वजन नेहमीच्या उंदराच्या तिप्पट व्हायचं. त्याचं नाव पडलं ‘ओबी’. १९६६ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून तसाच लठ्ठ आणि शिवाय मधुमेही असा ‘डीबी’ उंदीर जगापुढे आला. डग्लस कोलमन यांनी दोन-दोन उंदरांची कातडी शिवून त्यांचा रक्तपुरवठा जोडला. डीबीला जोडलेला निरोगी उंदीर खाणं सोडून उपासमारीनं मेला. ओबीला डीबीशी जोडलं तर ओबीही तसाच मेला. ओबीला निरोगी उंदराशी जोडलं, तर मात्र त्याचं खाणं कमी झालं. कोलमन यांचा निष्कर्ष असा की ‘पोट भरलं’ हा निरोप रक्तातून जातो. ओबीला तो निरोप बनवता येत नाही, डीबीला तो ऐकू येत नाही. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं १९९४ मध्ये तो निरोप, म्हणजे लेप्टिन, शोधून काढला आणि पुढच्याच वर्षी त्याचा ग्राही, म्हणजे तो निरोप ऐकणारं पेशीवरचं प्रथिन, हेही हाती लागलं.

फॅटी लिव्हरच्या अभ्यासकांनी मग या दोन उंदरांवर झडप घातली. ओबीचं यकृत कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की पेशींत चरबीचे मोठमोठे थेंब गच्च भरलेले दिसतात. गोची एवढीच होती की हे यकृत चरबीपाशीच थांबायचं. माणसाला खरा धोका असतो तो पुढच्या टप्प्यात, सूज येऊन यकृत तंतुमय होण्यात, आणि ओबीमध्ये तो टप्पा सहसा येतच नाही. कारण २००२च्या सुमारास उमगलं: यकृतात चट्टे तयार व्हायला लेप्टिनचाही हात लागतो. ज्या उणिवेमुळे चरबी साचते, तीच उणीव चट्ट्यांपासून वाचवते. माणसांत लेप्टिनची अशी जन्मजात उणीव फार दुर्मीळ आहे. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात उलट लेप्टिन जास्तच असतं. तरीही ओबी उंदीर वर्षानुवर्षं आदर्श नमुना म्हणून वापरला गेला. माझ्या मते त्याला सहज उपलब्धतेपलीकडे फारसं कारण नव्हतं.

तोवर निसर्गाच्या चुकीची वाट पाहण्याची गरज संपली होती. १९८२ मध्ये वाढीच्या संप्रेरकाचं जनुक घातलेले अगडबंब उंदीर पामिटर आणि ब्रिन्स्टर यांनी दाखवले. १९८९ पासून ठरावीक जनुक बंद केलेले ‘नॉकआउट’ उंदीर जन्मू लागले. त्यामागच्या तंत्रासाठी कपेकी, इव्हान्स आणि स्मिदीज यांना २००७चं नोबेल मिळालं. पाठोपाठ एखादं जनुक फक्त यकृतात बंद करण्याची सोयही आली.

यकृतासाठी याचा पहिला मोठा उपयोग डॅलसमध्ये ब्राउन आणि गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेत झाला. एसआरईबीपी ही प्रथिनं पेशीला कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं बनवण्याचा हुकूम देतात. त्यांतलं एक प्रथिन यकृतात कायम चालू राहील असा उंदीर त्यांनी १९९६ मध्ये तयार केला आणि त्याचं यकृत चरबीनं प्रचंड फुगलं. यकृत बाहेरून आलेली चरबी नुसती साठवत नाही, स्वतः बनवतंही, हे इतक्या ठसठशीतपणे आधी कुणी दाखवलं नव्हतं.

त्याच प्रयोगशाळेतला १९९८चा उंदीर मला त्याहून बोलका वाटतो. यात एसआरईबीपीचंच जनुक यकृताऐवजी चरबीच्या पेशींत चालू केलं होतं. परिणाम उलटाच झाला: उंदराची चरबी नीट वाढलीच नाही, अंग बारीक राहिलं, पण यकृतात चरबी साचली आणि मधुमेहही जडला. चरबीला तिच्या जागी थारा मिळाला नाही की ती यकृतात शिरते. १९९९ मध्ये या उंदरांना लेप्टिन दिल्यावर साखर आणि यकृत दोन्ही सुधारलं, आणि २००२ मध्ये अंगात चरबी जवळपास नसलेल्या रुग्णांना तेच औषध देऊन तसाच गुण आला. उंदरावरून माणसापर्यंत इतकी सरळ वाट या क्षेत्रात फार क्वचित सापडते.

एरवी वाट वाकडीच असते, आणि त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण पीएनपीएलए३ हे जनुक. २००८ मध्ये डॅलसमधल्याच हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांच्या गटानं दोन हजारांहून जास्त माणसांचं यकृत आणि जनुकं तपासली. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनातल्या १४८व्या जागी आयसोल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन असणाऱ्यांच्या यकृतात चरबी जास्त होती. सरळ तर्क असा की प्रथिन बिघडलं, काम थांबलं, चरबी साचली. मग उंदरात हे जनुक बंद करून बघा. २०१० आणि २०११ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी तसं केलं. उंदरांना काहीच झालं नाही. यकृत ठणठणीत.

एवढ्यावर विषय सोडून देता आला असता. पण २०१२ मध्ये माणसातलं बिघडलेलं प्रथिन उंदराच्या यकृतात जास्त प्रमाणात बनवलं, तेव्हा चरबी वाढली. तरी ‘एवढं भरमसाट प्रथिन कोंबल्यावर काहीही होईल’ ही शंका उरत होतीच. म्हणून २०१५ मध्ये उंदराच्या स्वतःच्या जनुकात नेमका तोच एक बदल केला, बाकी सगळं जागच्या जागी ठेवून. हा ‘नॉक-इन’ उंदीर साध्या खाद्यावर ठीक होता. साखर भरपूर असलेलं खाद्य दिलं की यकृतात चरबी साचायची, आणि बदललेलं प्रथिन चरबीच्या थेंबांच्या पृष्ठभागावर थर करून बसलेलं दिसायचं. पुढे कळलं की पेशीची मोडतोड यंत्रणा या प्रथिनाला टाकाऊ म्हणून हुडकून काढू शकत नाही. ते साचत जातं आणि थेंबातली चरबी बाहेर काढणाऱ्या विकराच्या मदतनीस प्रथिनाला अडकवून ठेवतं. दोष प्रथिन नसण्यात नव्हता, ते हटत नाही यात होता. ‘काहीच झालं नाही’ म्हणणारे ते नॉकआउट उंदीर नसते, तर औषध शोधणारे आजही या प्रथिनाचं काम वाढवायच्या मागे लागले असते. आता प्रयत्न आहेत ते त्याचं उत्पादन दाबण्याचे.

खाद्याचा विषयही जनुकांइतकाच जुना. इन्शुलिनच्या शोधातले एक चार्ल्स बेस्ट यांच्या टोरंटोतल्या गटानं १९३०च्या दशकातच खाद्यात कोलीन हे पोषकद्रव्य कमी पडलं की यकृतात चरबी साचते हे दाखवलं होतं. मेथिओनिन आणि कोलीन काढून टाकलेलं खाद्य आजही वापरतात. सूज आणि चट्टे काही आठवड्यांत येतात, पण उंदीर रोडावतो. लठ्ठपणाशी जोडलेल्या आजारासाठी रोडावलेला प्राणी हा विचित्रच प्रकार.

पिंजऱ्याच्या खोलीचं तापमानही आता हिशेबात धरतात. माणसांना बरं वाटावं म्हणून खोली २२ अंशांच्या आसपास ठेवली जाते, उंदराला मात्र ३० अंश सुखाचे. थंडीत तो ऊब टिकवण्यासाठी चरबी जाळत राहतो आणि सूज आणणारी प्रतिकारयंत्रणाही मंदावते. २०१७ मध्ये उबदार खोलीत ठेवलेल्या उंदरांत आजार जास्त तीव्र झालेला दिसला. शिवाय सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सी५७ब्लॅक६ जातीच्या जॅक्सन प्रयोगशाळेतल्या शाखेत मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांत, काम करणारं एनएनटी हे जनुक मुळातच तुटलेलं आहे, दुसऱ्या शाखेत ते शाबूत आहे. नॉकआउट एका शाखेचा आणि तुलनेचा उंदीर दुसऱ्या शाखेचा असेल, तर फरक कशाचा मोजला जातोय हेच सांगता येत नाही.

अलीकडे तर क्रम उलटाच झालाय. एचएसडी१७बी१३ हे जनुक निकामी असलेल्या माणसांना यकृताच्या दीर्घ आजारापासून संरक्षण मिळतं, हे २०१८ मध्ये माणसांच्या जनुकीय माहितीतून समोर आलं. उंदरात तेच जनुक बंद केलं तर संरक्षण मिळालं नाही. एका प्रयोगात तर यकृतात चरबी वाढलीच. तरीही हे जनुक दाबणारी आरएनएवर आधारित औषधं माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचली आहेत, म्हणजे इथे उंदराचा नकार बाजूला ठेवून माणसांच्या पुराव्यावर भरवसा ठेवला गेला.