'मॉडिफाइड साइन' नावाचा घोळ आणि शुद्ध तरंगाची वाट

'इन्व्हर्टर' (डीसी विजेची एसी करणारं यंत्र) हा शब्द १९२५ साली एका तांत्रिक नियतकालिकात लेखाचं शीर्षक म्हणून छापला गेला, तेव्हा जमाना इलेक्ट्रॉनिक नळ्यांचा होता. पुढे थायरिस्टर आले, मग पॉवर मॉसफेट; दोन्ही करंट चालू-बंद करणारे अर्धवाहक स्विच. स्विच बदलले, स्वस्त यंत्रांतला तरंग मात्र चौकोनीच राहिला. साइन, म्हणजे घरच्या विजेसारखी गोलाईदार लाट, हवीच असेल तर ती घडवणारा फेरोरेझोनंट ट्रान्सफॉर्मर लावायचा: वजनदार, गुणगुणणारा, लोड नसतानाही तापणारा.

मधेच या स्वस्त यंत्रांच्या तरंगाला 'मॉडिफाइड साइन' (फेरफार केलेली साइन) हे नाव रुळलं आणि निम्मा घोळ त्यानंच घातला. फेरफार झालाय तो चौकोनी लाटेत. साइनशी तिचं नातं फक्त दोन आकड्यांचं. २३० व्होल्ट आरएमएस (परिणामी व्होल्टेज) आणि ३२५ व्होल्ट शिखर, दोन्ही साधायचं तर २० मिलिसेकंदांच्या आवर्तनात ५ धन, ५ शून्य, ५ ऋण, ५ शून्य अशी वाटणी करावी लागते. गंमत अशी, की या तरंगाची हार्मोनिक विकृती (मूळ ५० हर्ट्झच्या लहरीत मिसळलेल्या, तिच्या पटीतल्या लहरींचं प्रमाण) सुमारे ४८ टक्के भरते. निखळ चौकोनी लाटेचीही तेवढीच! तिसरा हार्मोनिकसुद्धा (तिप्पट, म्हणजे १५० हर्ट्झची लहर) तसाच, मूळ लहरीच्या एक तृतीयांश. पल्स (धन किंवा ऋण तुकडा) ६.६७ मिलिसेकंद रुंद केली तर तो पुरता नाहीसा होतो आणि विकृती ३१ टक्क्यांवर येते, पण २३० व्होल्टसाठी शिखर २८२ वरच अडतं. बनवणाऱ्यांचा कल शिखराकडे राहिला. एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायर-कपॅसिटरवाल्या पॉवर सप्लायला शिखरच लागतं, हे खरंच आहे. मोटर आणि ट्रान्सफॉर्मर चालवणाऱ्यांना मात्र कोणी विचारलं नाही.

'मॉडिफाइड आहेच, शेवटी एक कपॅसिटर टाकला की साइन' ही समजूतही या नावाचीच देणगी. १५० हर्ट्झ हे ५० च्या इतकं जवळ, की ते गाळणारा चोक (तारेची कॉइल) अवजड होऊन बसतो. नुसता कपॅसिटर जोडला तर तरंगाच्या प्रत्येक उभ्या कडेला करंटचा झटका बसतो आणि मॉसफेट उडतात.

सुटका झाली ती पल्सची रुंदी साइनच्या मापानं बदलत नेण्याच्या युक्तीनं. त्रिकोणी लहरीशी साइनची तुलना करून पल्स काढायची ही कल्पना १९६० च्या दशकातली. स्विचिंग २० किलोहर्ट्झच्या पुढे नेलं, की गाळायचा कचरा ५० हर्ट्झपासून फार लांब जातो. मग लहानसा चोक आणि काही मायक्रोफॅरड पुरतात. आधी पल्सच्या रुंदीचं हे वेळापत्रक मायक्रोकंट्रोलरमध्ये हातानं भरावं लागे. ईजी ८०१० सारखी तयार चिप ड्रायव्हर बोर्डासकट मिळू लागली आणि जुनं यंत्र बदलणं हौशी माणसाच्या आवाक्यात आलं: बॅटरीचं व्होल्टेज वाढवणारा पुढचा पुश-पुल भाग आणि फेराइट ट्रान्सफॉर्मर तसाच ठेवायचा, शेवटच्या एच-ब्रिजचा (एसी काढणाऱ्या चार स्विचांचा) जुना ड्राइव्ह तोडून नवा जोडायचा.

अडतं ते ठेवलेल्या भागातच. जुन्या रचनेत डीसी बस (पुढच्या भागातून एच-ब्रिजला मिळणारं डीसी व्होल्टेज) खाली आली तर पल्स रुंद करून भागत असे. साइनला बस कायम ३२५ च्या वरच हवी, ३६० ते ३८० असली तर बरं, नाहीतर तरंगाचा माथा कापला जातो. शिवाय साइनची पॉवर सेकंदाला १०० वेळा चढते-उतरते, तिला जुना चिमुकला बस कपॅसिटर पुरत नाही. आणि ५० हर्ट्झवर निभावलेल्या मॉसफेटांचे अंगचे डायोड २० किलोहर्ट्झला मंद ठरतात. या चिपच्या युनिपोलर पद्धतीत ब्रिजचा एकच पाय (स्विचांची एक जोडी) वेगानं चालतो; आधी तापतो तोही तोच.