रंग नंतर ठरवू, आधी आरसी दाखवा
(जुन्या दुचाकी रिस्टोरेशनला आणणाऱ्या ग्राहकांसाठी)

येझदी असो, राजदूत असो की आरएक्स १००, गाडी आत घेतली की आमचा पहिला प्रश्न आरसीचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचा असतो. काहींना तो खटकतो. "कागदाचं बघू हो मागनं, आधी गाडी तर उभी करा," असं म्हणतात. पण पन्नास-साठ हजार घालून चकचकीत केलेली गाडी नावावर होत नसेल, तर ती दारात पुसत बसायचीच वस्तू होते. त्यामुळे कागदांचा अंदाज आल्याशिवाय आम्ही गाडी खोलत नाही.

सध्या कागद अडलेले ग्राहक वाढलेत, कारण एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना ती प्लेट बुक करायला गेलं की चेसीस (गाडीच्या सांगाड्याचा) आणि इंजिन नंबर विचारतात. तो सरकारच्या 'वाहन' या संगणकीय यादीतल्या नोंदीशी जुळला नाही की मग धावाधाव सुरू.

आरसी हरवली, पण मालक सापडतो

हे सगळ्यात सोपं. मात्र एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: डुप्लिकेट आरसीचा अर्ज (फॉर्म २६) नोंदीत ज्याचं नाव आहे त्यानेच करायचा असतो, गाडी विकत घेणाऱ्याने नाही. पोलिसांत आरसी हरवल्याची नोंद, विमा, पीयूसी आणि चेसीस नंबरची पेन्सिल प्रिंट (ती कशी घ्यायची ते पुढे आहे) लागते. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, म्हणजेच आपले टीटी फॉर्म. गाडी तीन हातांतून फिरली असेल आणि तुमच्याकडे पहिल्या मालकाच्या सहीचे कोरे टीटी फॉर्म असतील, तर त्यावर विसंबू नका. सही जुळली नाही किंवा मालकाला समोर बोलावलं, की गाडं तिथंच अडतं. जुना पत्ता शोधून त्या माणसाला भेटा. चहा घेऊन बोललं की बहुतेक लोक सही करतात, असा आमचा अनुभव आहे. गाडी अजून आपल्या नावावर आहे हे कळल्यावर तर लगेच करतात.

मालक वारले असतील तर वारसाने फॉर्म ३१ भरायचा. मृत्यू दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती घेऊन ठेवा. भावाभावांत बोलणं नसेल तर आधी ते मिटवा. आम्ही त्यात पडत नाही.

कर्नाटक पासिंगची गाडी

जावा-येझदी म्हैसूरच्या कारखान्यात बनायच्या, आणि कोल्हापूरपासून निपाणी-बेळगाव ते किती लांब? त्यामुळे आमच्याकडे केए नंबरच्या गाड्या बऱ्याच येतात. अशा गाडीला तिकडच्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागते. ती आणल्यावर इथला कर भरून एमएच नंबर मिळतो. एनओसी अर्थातच मूळ कार्यालयातूनच निघते, म्हणजे तिकडे एक-दोन फेऱ्या धरून चला. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवा. कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटलं म्हणून नोंद आपोआप जात नाही.

चेसीस नंबर

बहुतेक गाड्यांत हा नंबर हँडलखाली, फ्रेमच्या मानेवर असतो. आम्ही रॉकेलच्या फडक्याने गंज-ग्रीस पुसतो, वर पातळ कागद सेलोटेपने चिकटवतो आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासतो. एकेक आकडा कागदावर उठतो. हा ठसा फ्रेम ब्लास्टिंगला जाण्याआधीच घ्यायला हवा. वाळूच्या माऱ्याने उथळ पंच झिजतो आणि पावडर कोटिंगने उरलेला बुजतो. मागे दुसरीकडून ब्लास्टिंग होऊन आलेली एक येझदी आम्ही बघितली. शेवटचा आकडा तीन की आठ हे भिंग लावूनही कळेना. म्हणून आम्ही नंबरवर जाड टेपचे थर देऊनच फ्रेम पाठवतो.

"नंबर जरा पंच करून द्या" असं कुणी म्हटलं तर आमचं उत्तर ठरलेलं आहे: नाही. झिजलेला नंबरसुद्धा आरटीओच्या लेखी परवानगीनेच मारता येतो. इंजिन बदललं असेल तर तीही नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. आरएक्स १०० मध्ये आरएक्स १३५ चं इंजिन बसवलेल्यांनी हे विशेष वाचावं.

रिपासिंग

पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर वेळी ५ वर्षांची. २० वर्षांवरच्या दुचाकीला २०२५ पासून सरकारी शुल्क २,००० रुपये आहे. पर्यावरण कर आणि उशिराचा दंड वेगळा. हे पैसे आमच्या बिलात नसतात. ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते, पण मग ती रॅली-प्रदर्शनापुरतीच. रोज कामावर न्यायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

भंगारातून आणलेली, काहीच कागद नसलेली गाडी

शक्यतो घेऊच नका. घेतलीच असेल तर आधी एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाच्या) संकेतस्थळावर चेसीस-इंजिन नंबर टाकून ती चोरीत नाही ना ते बघा. मग त्या नंबरवरून आरटीओत नोंद सापडते का विचारा. तीन अक्षरी जुन्या नंबरच्या गाड्या कधीकधी संगणकात नसतात, कागदी नोंदवहीत असतात. पोलिसांच्या लिलावातली असेल तर लिलावाची कागदपत्रं आणि फॉर्म ३२ ने नावावर होते. नोंदच नसेल किंवा गाडी स्क्रॅप दाखवली असेल, तर आम्ही काम घेत नाही. सुटे भाग म्हणून काय मिळेल ते मात्र खरं सांगू.

पहिल्यांदा येताना असतील तेवढे कागद, जुन्या विम्याची पावतीसुद्धा, सोबत आणा. आणि गाडी दिसायला बरी दिसावी म्हणून फ्रेमची मान पॉलिश पेपरने घासून आणू नका.