आयरिश पार्टी बॉक्स: पिठाला हात लावायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी, बॉक्स घेतल्याबद्दल थँक्यू. आत काय काय आहे त्याची यादी झाकणाच्या आतल्या बाजूला आहे, ती परत लिहीत नाही. हा कागद वेगळा टाकायचं कारण असं की दर वर्षी १७ मार्चला, म्हणजे इथे आयर्लंडमध्ये सेंट पॅट्रिक डे असतो त्या दिवशी, दुपारनंतर आमचा फोन वाजायला लागतो आणि जवळजवळ सगळे फोन एकाच गोष्टीचे असतात, "ताई, ब्रेड फुगलाच नाही, दगड झालाय, पाहुणे येतायत, काय करू?" त्या वेळी करण्यासारखं खरंच काही नसतं. नवीन पाकीट फोडून पहिल्यापासून करायचं, बस. म्हणून हे आधी सांगून ठेवतोय.

सोडा ब्रेडचं पीठ मळायचं नाही. आणि भिजवल्यावर ठेवायचं नाही. पाच मिनिटंही नाही.

आपला हात कणकेवर बसलेला आहे. पीठ ओलं झालं की मळायचं, मऊसूत करायचं, तेलाचं बोट लावायचं, वर फडकं टाकायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. पोळीला हे सगळं बरोबर आहे, सोडा ब्रेडला यातली प्रत्येक पायरी चुकीची. ज्यांचा हात पोळ्यांना चांगला त्यांचाच ब्रेड जास्त बिघडतो असं माझं निरीक्षण आहे, कारण ते मन लावून मळतात.

यात यीस्ट नाहीये. फुगवायचं काम ब्रेड सोडा करतो, म्हणजे आपला खायचा सोडा, इथल्या दुकानात तो ब्रेड सोडा नावानेच मिळतो. तो बटरमिल्कच्या आंबटपणाला भेटला की लगेच गॅस सुटायला लागतो आणि तो गॅस कुणासाठी थांबत नाही. तुम्ही पीठ भिजवून ओट्यावर ठेवलंत, तेवढ्यात ओव्हन लावला, मग मुलाचा ग्रीन टीशर्ट शोधलात, की तोपर्यंत निम्मा गॅस हवेत गेला. आणि मळलंत तर ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, ताणलं जातं, चिवट होतं, उरलेल्या गॅसला ते फुगू देत नाही. इथला गहू मुळात मऊ, त्यात ताण कमी, म्हणूनच तर १८३० च्या सुमारास सोडा मिळायला लागल्यावर इथल्या शेतकऱ्यांच्या घरी हा ब्रेड इतका रुळला. ओव्हन नसायचा, बास्टिबल नावाचं जाड बिडाचं भांडं पीटच्या (दलदलीतून काढून वाळवलेल्या, जळणाऱ्या मातीच्या) विस्तवावर ठेवायचे आणि झाकणावरही निखारे घालायचे. लोणी काढून उरलेलं ताक घरात असायचंच. रोजचा ब्रेड होता तो, त्यात नाजूक काही नाही, फक्त घाई पाहिजे.

तर क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी ओव्हन लावा, २३० वर, फॅन ओव्हन असेल तर २१० वर (इथल्या बहुतेक घरात फॅनवालाच असतो, डायलवर पंख्याचं चित्र बघा). ओव्हन पूर्ण तापला, ट्रेवर पीठ भुरभुरवून झालं, सुरी हाताशी आली, मगच पाकीट फोडा. पिठाची पिशवी मोठ्या पसरट भांड्यात ओता, तिला स्टेपल केलेली सोड्याची छोटी पुडी चाळणीतून वरून टाका. चाळणीतूनच टाका हं, गाठ राहिली तर ब्रेडमध्ये डाग पडतो आणि तो घास साबणासारखा लागतो. कोरडंच नीट एकत्र करा, इथे कितीही वेळ घ्या. मध्ये खड्डा करून ३५० मिली बटरमिल्क एकदम ओता. आता एका हाताची बोटं पंजासारखी ताठ ठेवून मधून बाहेर गोल गोल फिरवा, दुसरा हात कोरडा ठेवा म्हणजे फोन आला तर घेता येईल. कोरडं पीठ दिसत असेल तर अजून थोडं, ४०० च्या पुढे जाऊ नका. गोळा झाला की थांबायचं. तो ओबडधोबड, चिकट, "हे काय झालं" असा दिसेल. तसाच दिसायला पाहिजे. पीठ भुरभुरवलेल्या ओट्यावर काढा, हलकेच गोल थापा, साधारण दीड इंच जाडीचा, ट्रेवर ठेवा, वरून खोल क्रॉस मारा, अगदी खोल. जुने लोक म्हणायचे की त्यातून ब्रेडमधल्या पऱ्या बाहेर जातात. पऱ्यांचं आम्हाला माहीत नाही, पण क्रॉस नसला तर मधला भाग कच्चा राहतो हे नक्की.

१५ मिनिटं त्या टेंपरेचरला, मग २०० वर आणून (फॅन १८०) अजून ३० मिनिटं. काढल्यावर उलटा करून खालून टकटक करा, पोकळ आवाज आला की झाला. मऊ कवच पाहिजे असेल तर स्वच्छ टी टॉवेलमध्ये गुंडाळा, कडक पाहिजे तर जाळीवर उघडा ठेवा. लगेच कापू नका, आतून लगदा होतो.

पाहुणे सहाला येणार असतील तर साडेचारला ओव्हन लावा, पावणेपाचला ब्रेड आत, साडेपाचला बाहेर, सहाला कापायला तयार. दोन्ही ब्रेड एका वेळी जातात, ब्राउनवाला आणि पांढरा, मध्ये जागा ठेवा. ब्राउनला बटरमिल्क थोडं जास्त लागतं.

आता बदलाबदली. बटरमिल्क आम्ही बॉक्समध्ये देत नाही कारण कुरियरमध्ये ते थंड राहणार नाही. तुमच्या जवळच्या कुठल्याही सुपरमार्केटमध्ये दुधाच्या शेजारी कार्टन असतं, एक लिटर आणा, दोन ब्रेडला पुरतं. घरचं ताक चालेल का असं खूप जण विचारतात. पाणी घातलेलं पातळ ताक चालणार नाही, आंबटपणा कमी पडतो. मिळालंच नाही तर ४०० मिली दुधात मोठा चमचाभर लिंबाचा रस घालून दहा मिनिटं ठेवा, काम होतं. इंडियन शॉपमधला चक्की आटा मिसळू नका, तो पोळी ताणली जावी म्हणून दळलेला असतो, इथे नेमकं तेच नको आहे. आणि कृपया इनो टाकू नका. ढोकळ्याला चालतं ते. पुडीतला सोडा मोजून दिलाय, जास्त टाकला तर जास्त फुगत नाही, ब्रेड पिवळट होतो आणि तोंडात ती साबणाची चव येते.

"मग ताई तुम्ही भाजूनच का नाही देत?" कारण सोडा ब्रेड दुसऱ्या दिवशीच शिळा वाटायला लागतो, टोस्ट करूनच खावा लागतो. बॉक्स तुमच्याकडे आधी एक दोन दिवस पोचतो, म्हणजे आम्ही भाजून पाठवला तर पार्टीला तुम्ही शिळा ब्रेड वाढणार आणि नाव आमचं जाणार. हे आम्हाला करायचं नाही. बार्मब्रॅक (गोडसर फळांचा ब्रेड) मात्र आम्हीच भाजून देतो, चहात भिजवलेल्या मनुकांचा असतो त्यामुळे मुरल्यावर उलट चांगला लागतो, लोणी लावून द्या. इथले लोक तो खरं तर हॅलोवीनला खातात आणि आत अंगठी लपवतात, ज्याला मिळाली त्याचं लग्न जमणार असं. मार्चच्या बॉक्समध्ये अंगठी नसते, शोधू नका, ती ऑक्टोबरच्या बॉक्समध्ये असते.

बाकी जेवणाचं फार सांगायला नको. स्ट्यूला खाटकाकडून गिगॉट चॉप्स म्हणून मागा, खांद्याचं लॅम्ब, हाडासकट. कांदा, बटाटा आणि आमचं बार्ली. गाजर घालायचं का नाही यावर इथे घराघरात वाद आहेत, आम्ही घालतो. मंद गॅसवर दीड दोन तास, आणि शक्य असेल तर आदल्या दिवशीच करा, चव वाढते आणि ओट्यावर तुमची धावपळ वाचते. गार झाल्यावर फ्रिजमध्ये आणि पार्टीला नीट उकळी येईपर्यंत गरम, कोमट वाढू नका. व्हेज पाहुण्यांसाठी कॉलकॅनन करा, उकडलेला बटाटा, केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) किंवा कोबी, कांद्याची पात, गरम दूध आणि वर लोण्याचं तळं. बटाटे रूस्टर जातीचे घ्या, बेबी पोटॅटो नको. मिक्सरला लावू नका, डिंक होतो, हाताने मॅश करा. लोणी कमी करून विचारू नका की चव का नाही आली.

जैन बॉक्स मिळेल का, हाही नेहमीचा प्रश्न आहे. मनापासून सांगतो, नाही. आयरिश जेवणातून बटाटा आणि कांदा काढला तर उरतं लोणी आणि पाऊस. जैन पाहुण्यांसाठी पांढरा सोडा ब्रेड, जॅम, चीज आणि चहा ठेवा, कुणी उपाशी जात नाही. ग्लूटेनचं ज्यांना आहे त्यांच्यासाठी आमच्याकडे पर्याय नाही, एकाच किचनमध्ये गहू आणि बार्ली असतात, खोटं सांगून विकणार नाही. मिक्समध्ये अंडं नाही, बार्मब्रॅकमध्ये आहे. बाकी अॅलर्जी लेबलवर ठळक छापल्या आहेत.

काही जण इंटरनेटवरून फोटो पाठवतात की असं पाहिजे, हिरवी बिअर, हिरवा ब्रेड, कॉर्न्ड बीफ (खारवलेलं गोमांस). ते अमेरिकेतलं आहे. इथून तिकडे गेलेल्या लोकांना घरच्यासारखं बेकन (खारवलेलं डुकराचं मांस) परवडेना की मिळेना, न्यूयॉर्कमध्ये ज्यू खाटकांकडे कॉर्न्ड बीफ मिळायचं, ते कोबीबरोबर शिजवायला लागले, आणि आता जगाला वाटतं हेच आयरिश. इथे बेकन आणि कोबी खातात. तुम्ही डब्लिन, कॉर्क, गॉलवेमध्ये राहता, तुमच्याकडे शेजारचे आयरिश लोक येणार, त्यांच्यापुढे हिरवी बिअर ठेवलीत तर ते पितील, हसतील पण. म्हणून आमच्या बॉक्समध्ये खायचा हिरवा रंग नसतो. पताकांवरचा शॅमरॉकही तीन पानांचाच आहे, "प्रिंटिंग मिस्टेक आहे का" असा मेसेज करू नका. सेंट पॅट्रिकने तीन पानं दाखवून ट्रिनिटी (ख्रिस्ती धर्मातली एका देवाची तीन रूपं) समजावली अशी कथा आहे. चार पानांचं नशिबाचं क्लोव्हर वेगळं.

पिण्याचं तुमचं तुम्ही बघा, आमच्याकडे लायसन्स नाही, पण एक लक्षात ठेवा, १७ मार्चला दुकानातून दारू दुपारी साडेबाराच्या आधी विकत मिळत नाही, रविवारसारखाच नियम, त्यामुळे आदल्या दिवशी आणून ठेवा. गिनीज बिअर व्हेज आहे का असं विचारणाऱ्यांसाठी, पूर्वी ती गाळायला माशापासून केलेला पदार्थ वापरायचे, आता वापरत नाहीत. आयरिश कॉफी करणार असाल तर साखर वगळू नका, साखरेमुळेच क्रीम वर तरंगतं. क्रीम अर्धवट फेटलेलं, ओतता येईल इतकं सैल, चमच्याच्या पाठीवरून हळू सोडायचं, ढवळायचं नाही, आणि डब्यातलं फुसफुस क्रीम नको, ते विरघळून जातं. ही कॉफी लिमरिक काउंटीतल्या फॉइन्सला जन्मली, तिथे पाण्यावर उतरणारी विमानं यायची, १९४० च्या दशकात जो शेरिडन नावाच्या शेफने गारठलेल्या पॅसेंजरना दिली. पाहुण्यांना सांगायला बरं पडतं. मुलांना आणि न पिणाऱ्यांना चहा. पाकिटातली चहापूड कडक आहे, आपला चहा होतो तिचा, आलं टाकलंत तरी कुणी पोलिसात जाणार नाही.

नाचाचं कार्ड नवीन आहे. त्यावर वॉल्स ऑफ लिमरिकच्या स्टेप्स आहेत, दोन जोड्या समोरासमोर, सोपं आहे. सीज ऑफ एनिस या दुसऱ्या नाचाला रांगा लागतात, सेमी-डीच्या (एका बाजूने शेजाऱ्याला चिकटलेल्या घराच्या) सिटिंग रूममध्ये ते होत नाही, सोफा बाहेर काढायची तयारी असेल तर करा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, किंवा सरळ बोलवाच.

बॉक्स बारा जणांचा आहे असं आम्ही म्हणतो तेव्हा दोन्ही ब्रेड नीट झाले असं धरलेलं असतं. त्यामुळे पहिल्यांदाच करणाऱ्यांनी मिक्सचं एक सुटं पाकीट जास्त घेऊन आधीच्या रविवारी एकदा करून बघावं असा आमचा सल्ला आहे. विकायला सांगतोय असं वाटेल, थोडं तसं आहेही, पण सुटं पाकीट घेतलेल्यांचे फोन १७ तारखेला येत नाहीत हेही खरं. मिक्स बंद पिशवीत कोरड्या जागी ठेवा, फ्रिजमध्ये नको. सोड्याची पुडी आधीच पिठात मिसळून ठेवू नका, म्हणूनच ती वेगळी दिली आहे.

ऑर्डर १० मार्चच्या आत द्या. १७ ला पब्लिक हॉलिडे असतो, कुरियर बंद, आणि आदल्या दिवशी तर काही खरं नसतं. डब्लिनमध्ये स्वतः येऊन नेणाऱ्यांनी १६ ला संध्याकाळपर्यंत न्यावं, १७ ला परेडमुळे सिटी सेंटरचे रस्ते बंद असतात, दुपारी बाराला परेड निघते, गाडी घेऊन निघालात तर अडकाल. होळी किंवा पाडवा जवळ असला की आमच्याकडे गर्दी दुप्पट होते. २०२२ ला होळी नेमकी १७ मार्चलाच आली होती, बऱ्याच घरी पुरणपोळी आणि सोडा ब्रेड एका टेबलावर होते, आणि दोन्ही संपले असं ऐकलं. तशा वर्षी अजून आधी सांगा.

ब्रेड बिघडलाच तर मेसेज करताना वरचा फोटो पाठवू नका, वरून सगळे सारखेच दिसतात. मधोमध कापून आतला फोटो पाठवा, आणि भिजवल्यापासून ओव्हनमध्ये जाईपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहा. रागावणार नाही.