कॉइल तपासली, पण बदलली नाही: रॉयल एनफिल्डच्या २०२१ च्या रिकॉलची पार्श्वभूमी

मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने मीटिअर ३५०, क्लासिक ३५० आणि बुलेट ३५० मिळून २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या. बहुतेक भारतातल्या, काही थायलंड, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया अशा देशांतल्या. दोष इग्निशन कॉइलमध्ये होता. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बाहेरच्या पुरवठादाराकडून आलेल्या ठरावीक बॅचमध्येच तो असल्याचं कंपनीने सांगितलं. भाग बदलावा लागेल अशा गाड्या १० टक्क्यांहून कमी, हा अंदाजही सोबत होता. मालकांच्या शंका इथूनच सुरू होतात: उरलेल्यांना 'तपासली, ठीक आहे' यावर समाधान मानायचं का?

शंका अगदीच पोकळ नाही. कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करून प्लगला ठिणगी देते. आतल्या वेटोळ्यांवरचं इन्सुलेशन कच्चं असेल तर थंड गाडीवर काहीच कळत नाही. इंजिन तापलं की वेटोळी आतल्या आत शॉर्ट होतात, ठिणगी कमजोर पडते आणि गाडी मिसिंग मारते, म्हणजे मधूनमधून झटके देते. दहा-पंधरा मिनिटं उभी केली की पुन्हा नीट चालते, त्यामुळे दोष पेट्रोलवर नाहीतर प्लगवर ढकलला जातो. मल्टिमीटर हे वीज मोजण्याचं उपकरण कॉइलचा रोध मोजतं ते स्वतःच्या छोट्या सेलवर. हजारो व्होल्टला फुटणारं इन्सुलेशन त्यात दिसेलच असं नाही. एका सिलिंडरच्या गाडीत ठिणगी चुकली की जोरच जातो, आणि ट्रकला ओव्हरटेक करताना हे झालं तर प्रकरण जिवावरचं. शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो, ते वेगळंच.

भारतात २०१२ पासून सियाम या वाहन उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक रिकॉल संहिता होती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले: सात वर्षांपर्यंतची वाहनं, आणि सक्तीच्या रिकॉलची वेळ आली तर १० लाख ते १ कोटी दंड. कॉइलचा रिकॉल मात्र कंपनीने स्वतःहून काढलेला. महाराष्ट्रात तेव्हा कोरोनाचे निर्बंध होते, त्यामुळे अनेकांना गाडी लगेच नेता आली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात क्लासिक ३५० च्या २६,३०० गाड्यांसाठी दुसरा रिकॉल आला. मागे ड्रम ब्रेक असलेल्या या गाड्यांत, मागचा ब्रेक फार जोरात दाबल्यास स्विंगआर्मवरचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरचा) रिअॅक्शन ब्रॅकेट खराब होऊ शकत होता. ब्रेक लावल्यावर ड्रमची प्लेट चाकाबरोबर फिरू पाहते. तिला अडवून धरणं हे त्याचं काम.

कॉइलसाठी गाडी नेताना 'तापल्यावर मिसिंग' हे शब्द जॉबकार्डवर लिहून घ्यावेत आणि गाडी गरम असतानाच चाचणी मागावी. भाग बदलला नाही तरी रिकॉलची तपासणी झाल्याची नोंद चेसिस नंबरासह घ्यावी. सेकंडहँड गाडी असेल तर निरोप बहुधा पहिल्या मालकाच्या फोनवर गेलेला असतो. आरसीवरचा चेसिस नंबर सर्व्हिस सेंटरला देऊन काम बाकी आहे का ते विचारता येतं.