डिजिटल स्वयंचलित कपलिंग

मालगाडीच्या दोन वाघिणी आपोआप जोडणारी आणि त्याच जोडातून ब्रेकची हवा, वीज व माहिती पुढे नेणारी यंत्रणा. युरोपातील रेल्वे मालवाहतुकीच्या डिजिटलीकरणाचा पाया म्हणून ती विकसित होत आहे.

आधुनिकीकरण म्हटले की चालकाविना धावणाऱ्या गाड्यांची चर्चा होते. पण खरी अडचण फार साधी आहे : वाघिणीत वीजच नसते. इंजिनापासून शेवटच्या वाघिणीपर्यंत जाते ती फक्त हवेची नळी. त्यामुळे मागे किती वाघिणी आहेत, कोणते बेअरिंग तापले आहे, याचा इंजिनाला पत्ता नसतो. रुळांलगतचे तापमापक गरम आस हेरतात, पण गाडी त्यांच्यासमोरून जाईल तेवढ्यापुरतेच. वाघिणीवरचा जीपीएस ठिकाण कळवतो, तोही बॅटरी टिकेल तोवर.

युरोपात आजही बहुतेक वाघिणी स्क्रू कपलिंगने जोडतात. शंटर, म्हणजे वाघिणी जोडणारा-सोडणारा कामगार, बफरखालून (वाघिणीच्या टोकाला धक्के झेलणाऱ्या दांड्यांखालून) वाकून दोन वाघिणींच्या मधे शिरतो, सुमारे २० किलोची कडी उचलून समोरच्या हुकात अडकवतो, स्क्रू फिरवून ती ताणतो आणि मग हवेच्या नळ्या जोडतो. पावसात, बर्फात, रात्रीही हेच. पुढे ब्रेकची चाचणी : प्रत्येक वाघिणीचे ब्रेक लागले की नाही, सुटले की नाही, हे गाडीच्या कडेने चालत पाहायचे. युरोपात ७४० मीटर लांबीची गाडी प्रमाण मानली जाते. म्हणजे एका फेरीतच जाऊन-येऊन जवळपास दीड किलोमीटर. खाणीपासून कारखान्यापर्यंत अखंड जाणाऱ्या गाडीला हे परवडते. वेगवेगळ्या ठिकाणी जाणाऱ्या सुट्या वाघिणींच्या वाहतुकीत मात्र गाडी यार्डात फोडून पुन्हा बांधावी लागते आणि ट्रकपुढे रेल्वे हरते ती बव्हंशी इथेच.

नव्या कपलिंगमध्ये वाघिणी एकमेकींवर हलकेच आदळल्या की यांत्रिक जोड, हवा, वीज आणि माहितीच्या तारा एकाच वेळी जुळतात. ब्रेकची चाचणी चालकाच्या पडद्यावर उरकता येते आणि गाडी तुटलेली नाही याची खात्री सतत मिळत राहते. सर्वांत पुढच्या प्रकारात वाघीण सोडवण्याचे कामही दुरून होते. २०२१ मध्ये यासाठी शार्फेनबर्ग पद्धतीचा जोड निवडण्यात आला. मेट्रो व प्रवासी गाड्यांत ही पद्धत जुनीच आहे.

स्वयंचलित जोडणी जगाला नवी नाही. अमेरिकेने ती १८९३ च्या कायद्याने सक्तीची केली. कारण वाघिणींमधे चिरडून मरणारे कामगार. जपानने नवे कपलिंग आधीच वाघिणींखाली टांगून ठेवले आणि जुलै १९२५ मध्ये मोठा बदल एका दिवसात उरकला. सोव्हिएत संघाचे काम १९५७ पर्यंत चालले. युरोपचा १९७० च्या दशकातला प्रयत्न मात्र फसला. अर्थात अमेरिकेतही हवेच्या नळ्या अजून हातानेच जोडतात, म्हणून केवळ यांत्रिक जोडापुरते पाहिले तरच युरोप मागे आहे.

ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागात रिओ टिंटो कंपनीच्या लोहखनिजाच्या गाड्या २०१८ पासून चालकाविना माल पोचवतात. हे उदाहरण सर्रास दिले जाते. पण तिथे खाण, रूळ, वाघिणी आणि बंदर सगळे एकाच मालकाच्या ताब्यात आहे. युरोपात चार-पाच लाख वाघिणी शेकडो मालकांच्या आहेत आणि त्या सरमिसळ होऊन अनेक देशांतून फिरतात. नव्या व जुन्या जोडाच्या वाघिणी थेट एकमेकींना लागत नाहीत. इंजिनांवर दोन्हींना चालेल असा संकरित जोड बसवता येतो, वाघिणींचा प्रश्न त्याने सुटत नाही. शिवाय खर्च पडतो वाघिणीच्या मालकावर, तर वेळ व मनुष्यबळाची बचत होते गाडी चालवणाऱ्याची. तांत्रिक चाचण्यांपेक्षा ही वाटणीच अधिक अवघड ठरली आहे.